काचेवरचे तांबूस ठिपके

३ नोव्हेंबर

सकाळी माशांच्या टाकीचा दिवा लागायच्या आधी काच पुसायला गेले. उजव्या कोपऱ्यात, खाली, तांबूस ठिपके. शेवाळ असेल म्हणून चुंबकाचा ब्रश फिरवला. दोन ठिपके ब्रशच्या पुढे सरकले.

शेवाळ सरकत नाही.

हेमंतला हाक मारली. नवरोबा शाळेत शिकवायला निघायच्या घाईत, हातात डबा. वाकून बघितलं न बघितल्यासारखं. "पानी शे तं किडा ऱ्हाईच," म्हणाला आणि गेला. रनाळ्याचा माणूस, विहिरीत बेडूक असतात तसे टाकीत किडे असणार, असा त्याचा हिशोब. पण ही विहीर नव्हे. सुरतेहून मिठाच्या पिशव्या आणून, गाळलेल्या पाण्यात कालवून, इथे अक्कलकुव्यात घरात समुद्र केलाय आणि वर्षानुवर्षं सांभाळलाय. यात जे काही आहे ते मी घातलेलं आहे. मी न घातलेलं काही आत असेल तर ते कुणीतरी आणलं.

दवाखान्यात दिवसभर लक्ष नव्हतं.

५ नोव्हेंबर

ड्रॉपरने एक ठिपका उचलून बाटलीत घालून दवाखान्यात नेला. एरवी त्या मायक्रोस्कोपखाली बकऱ्यांच्या लेंड्या बघते. आज हा.

चपटा. पानासारखा. अंगाला खंड नाहीत, चोषक नाही. यकृतातला चपटा कृमी मी झोपेतही ओळखेन, हा तो नाही, त्याच्या दूरच्या नात्यातला वाटतो. कडेने बारीक केस लवलवत होते. मागचं टोक नीट बघावं म्हणून वरून काच ठेवली आणि जरा जोरात ठेवली. फुटला. तांबूस रंग पसरला. संपलं.

शिपाई विचारतो, "मॅडम, कुनाची बकरी?"

माझी, म्हटलं.

६ नोव्हेंबर

आज बघितलं तर मश्रूम कोरलच्या, त्या छत्रीसारख्या प्रवाळाच्या, हिरव्या टोपीवरही आहेत. टोपी आक्रसलेली. त्याच्या शेजारचं, बोटांसारखं हलणारं कोरल अर्धवट उघडलेलं. क्लाऊन माशांची जोडी नेहमीसारखी त्यात लोळत नाही, बाजूला राहते. म्हणजे त्यांनाही कळलंय.

मश्रूम. ते कुठून आलं?

नवापूरहून. ऑगस्टमध्ये.

७ नोव्हेंबर

फोनवरच्या आमच्या रीफवाल्यांच्या, म्हणजे घरात खाऱ्या पाण्याची टाकी पाळणाऱ्यांच्या, ग्रुपवर फोटो टाकला. कुणी म्हणतं लाल प्लॅनेरिया, कुणी म्हणतं कोरलवर बसणारी वेगळी जात, कुणी नुसता रडका चेहरा पाठवला. बडोद्याच्या एकाने लिहिलं: बकऱ्यांचं जंताचं औषध घाला, मरतात, पण सगळे एकदम मेले तर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासेही जातात. आधी जात ओळखा. शेपटीकडे तीन टोकं असतील तर लाल प्लॅनेरिया.

आणि शेवटी: "नवीन काय टाकलं होतं?"

नवीन म्हणजे दोनच गोष्टी. सप्टेंबरात सुरतेच्या महेशभाईंच्या दुकानातून आणलेल्या गोगलगाई. आणि डॅनियलभाऊंची कोरलं.

लिहितानाही बरं वाटत नाही. डॅ. भाऊंनी मला हे सगळं शिकवलं. नवापूरचे, स्टेशनमास्तर होते, निवृत्त झाले. या जिल्ह्यात खाऱ्या पाण्याची टाकी पहिली त्यांची. माझी टाकी बसवायला स्वतः आले होते, रूथवहिनींना घेऊन, दोघं दिवसभर दगड रचत होते. वहिनी म्हणत, "मासा त्यांचा, पाणी बदलणं माझं." उन्हाळ्यात वहिनी गेल्या. ऑगस्टमध्ये भाऊ जीपने आले, थर्मोकोलच्या पेटीत सगळी कोरलं. "टाकी बंद करतो, मॅडम. एकट्याने नाही होत. तुमच्याकडे राहू द्या." मी रडले होते. पेटीतली पिशवी न पिशवी मी टाकीत सोडली.

खरंच तेवढ्याचसाठी बंद केली टाकी? तेव्हा विचारलं नाही. विचारायची वेळ नव्हती ती.

९ नोव्हेंबर

फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग सहज विचारल्यासारखं, "भाऊ, तुमच्या टाकीत कधी चपटे किडे झाले होते का?"

"नाही बा. मला तर नाही दिसले."

मग, "तांबूस आहेत का?"

मी रंग सांगितला नव्हता.

आहेत, म्हटलं. ते म्हणाले, "हळूहळू नळीने ओढून काढा, औषध घालू नका, मॅडम. औषध अजिबात नका घालू." आवाज एकदम मोठा झाला होता. मग सूनबाई बोलावते म्हणून फोन ठेवला.

ग्रुपवर ते नाहीत. फोटो बघितला असणं शक्य नाही. तांबूस का म्हणाले?

११ नोव्हेंबर

हे.ला, म्हणजे हेमंतला, सांगितलं. तो भाकरी मोडत ऐकत होता.

"तू मानूसवर संशय ली ऱ्हायनी का किडावर?"

दोन्हींवर, म्हटलं.

"मग तेसले सरळ इचारी ले ना."

सरळ विचारलं तर सरळ उत्तर येतं हे शाळामास्तरांना वाटतं. मी जनावरांची डॉक्टर. जनावर बोलत नाही आणि त्याला आणणारा माणूस पहिल्या दमात सगळं सांगत नाही. काल रात्रीपासून खात नाही म्हणतो, पोट बघावं तर आठवड्याचं दुखणं. वाईट असतात म्हणून नाही. आपलं चुकलं असं कुणाला म्हणायचं नसतं. मी रागावत नाही, नुसतं पुन्हा विचारते.

भाऊंना पुन्हा विचारायला मात्र जीभ उचलत नाही.

१४ नोव्हेंबर

मोलगीला शिबिर. बाजार होता, जीपा भरभरून येत होत्या. बकऱ्या खूप, पावसाळ्यानंतर यकृताच्या कृमींचा जोर. एका म्हाताऱ्याची बकरी, जबड्याखाली पाणी उतरलेलं. कुठून आणली? म्हणे मेहुण्याने दिली, भेट म्हणून. मेहुण्याच्या बाकीच्या बकऱ्या कशा आहेत? म्हातारा दोरीची गाठ चाचपत बसला. त्याची बायको पावरी बोलीत काही फणकारली, बरोबरच्या मुलीने मला मराठीत सांगितलं: "आजी म्हणते, मेल्या सगळ्या. म्हणून तर दिली."

औषध दिलं. परत येताना जीपमध्ये सगळा वेळ तेच वाक्य.

घरी आल्या आल्या टाकी. वाढलेत. आता डावीकडेही.

१६ नोव्हेंबर

सलाईनची नळी कापून तिने ओढून काढते. एक टोक दगडावर, एक बादलीत. बादलीच्या तळाशी तांबूस गाळ जमतो आणि तो गाळ हलतो. माझ्यासुद्धा अंगावर काटा येतो, जी मी गायीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालते.

काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी तितकेच.

भाऊंचा सकाळचा मेसेज आला, रोज येतो तसा, बायबलमधलं वचन आणि सूर्योदय. उत्तर दिलं नाही.

१८ नोव्हेंबर

महेशभाईंना फोन. गोगलगाईंचं विचारलं. ऐकूनच तापले. "मारी दुकानमां किडा नथी, मॅडम! बद्धुं धोईने आपूं छुं." सगळं धुऊन देतो म्हणतात. दुकानदार दुसरं काय म्हणणार. त्यांच्यावरचा संशय खोडलेला नाही, हे स्वतःसाठी लिहून ठेवते.

पण खरी गोष्ट नंतर. मीठ हवं का विचारत होते, म्हणाले नवा माल आलाय, "डॅनियलभाई तो हजी गया महिने लई गया."

काय घेऊन गेले?

मीठ. रीफचं मीठ. गेल्या महिन्यात.

टाकी ऑगस्टमध्ये बंद केलेला माणूस ऑक्टोबरात मीठ कशाला नेईल?

१९ नोव्हेंबर

झोप नीट नाही. दवाखान्यात एका गड्यावर ओरडले, त्याची चूक नव्हती.

आता पेटीतली ती कोरलं डोळ्यापुढे येतात. सगळी बारकी बारकी होती. मोठी कुठे गेली, मी विचारलं होतं का? त्यांच्याकडे परातीएवढं एक होतं, वहिनींचं आवडतं. ते पेटीत नव्हतं. म्हणजे चांगली ठेवली, रोगट मला दिली? मेहुण्याची बकरी?

असं वाटतं, मग वाटतं की असं वाटणंच घाण आहे. माझ्या बाळंतपणात वहिनी नवापूरहून डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या, त्या घरातला माणूस.

पण मीठ.

२२ नोव्हेंबर

बोटांसारख्या कोरलचं एक टोक गेलं. पांढरा सांगाडा उघडा. रविवार होता, सकाळभर टाकीसमोर बसून.

औषध दवाखान्यात ढिगाने आहे. काल घरी आणलेली एक बाटली हातात घेऊन बघितली. आधी चाचणी म्हणून एक किडे बसलेला दगड बादलीत टाकीच्याच पाण्यात ठेवला आणि थोडं औषध सोडलं. किडे आक्रसले, सुटले, तरंगले. छान वाटलं. मग पाणी चहाच्या पाण्यासारखं होत गेलं. दुपारी दगडातून एक इवलासा तारामासा बाहेर आला, सापासारख्या बारीक हातांचा. आत लपलाय हे मला माहीत नव्हतं. बादलीच्या मध्यावर येऊन पसरला आणि मेला.

औषध अजिबात नका घालू, भाऊ ओरडले होते. हे त्यांना कसं ठाऊक?

त्यांनी घातलं होतं. दुसरं काही असूच शकत नाही.

२३ नोव्हेंबर

हे. म्हणतो, "जाय तठे, सोता देखी ये."

न कळवता जायचं. कळवलं तर आवरून ठेवतील. हे मी लिहिलं, डॅ. भाऊंबद्दल.

२९ नोव्हेंबर

नवापूर. सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मीच बदलून टाकीन.

नंदुरबारमार्गे गेलो, हे. गाडी चालवत होता. रिकामी बाटली आणि ड्रॉपर पर्समध्ये. हे.ने बघितलं.

दार सूनबाईंनी उघडलं, प्रिस्का. दचकल्या. "मॅडम! बाबा चर्चमध्ये गेलेत, येतीलच." बसवलं, पाणी दिलं. हॉलमध्ये टाकीची जागा रिकामी, तिथे आता शिलाई मशीन. म्हणजे बंद केली हे खरं? मी कान देऊन ऐकत होते. मागच्या खोलीचं दार लावलेलं. आणि त्या दारामागून पंपाची घरघर. ती घरघर मी कुठेही ओळखीन.

"टाकी आत हलवली का?"

प्रिस्कांनी हे.कडे बघितलं, मग माझ्याकडे. "ती खोली बाबा कुणाला उघडू देत नाहीत. झाडायलासुद्धा नाही."

मी उठले. हे. हळूच म्हणाला, "बस." बसले. पण खोटं का लिहू, त्याने म्हटलं नसतं तर मी दार उघडलं असतं.

भाऊ आले. किती वाळलेत. मला बघून आधी चेहरा उजळला, मग माझी नजर त्या दाराकडे आहे हे कळलं आणि उतरला. चप्पल काढताना भिंतीला हात टेकला.

"मीठ घेतलं ते महेशभाईंनी सांगितलं ना," म्हणाले.

हो म्हटलं.

"या."

आत टाकी. जुनीच, मोठी. दिवा चालू, पंप चालू. कोरल एकही नाही. दगड, वाळू, मागची काच, सगळं तांबूस. गंज चढल्यासारखं. आणि तो गंज सरकत होता. मध्ये एकटा क्लाऊन मासा, म्हातारा, कल्ल्याजवळ फिकट पडलेला. वहिनींचा. त्याला मी ओळखते, माझ्या हातून खायचा.

भाऊ काचेकडे बघतच बोलले. वहिनी गेल्यावर टाकीजवळ जाववलं नाही, सूनबाई दाणे टाकायची तेवढंच. पुन्हा बघितलं तेव्हा सगळीकडे हे. मग औषध घातलं. "एकदम घातलं, मॅडम. मला वाटलं एकदाच संपवून टाकावं." किडे मेले, पाणी लाल झालं, दुपारपर्यंत मासे वर तोंड काढून. तिचा पिवळा टँग मासा, या क्लाऊनची जोडीदारीण, सगळे गेले. ते परातीएवढं कोरलही विरघळलं. हा एकटा उरला, त्याला टाकीसकट इथे आत आणलं. जी बारकी कोरलं वाचली ती धुतली, आयोडीनच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवली, वेगळ्या बादलीत ठेवून रोज भिंगाने तपासली आणि मग माझ्याकडे आणली.

"आणि हे परत आले?"

"परत आले. हा जिवंत आहे तोवर पाणी कसं बंद करू?"

मला का सांगितलं नाही, मी विचारलं. आवाज माझा दवाखान्यातला होता, मलाच ऐकू आला.

"तुम्ही डॉक्टर. तुम्हाला काय सांगू की मी तिचे मासे मारले?"

हे. बाहेर गेला. प्रिस्का दारात उभ्या, पदर तोंडाला. औषधाचं त्यांनाही माहीत नव्हतं.

मी पर्समधून बाटली काढली. अशा वेळी. भाऊंनी बघितलं आणि स्वतः माझ्या हातातून ड्रॉपर घेऊन काचेवरचे किडे बाटलीत सोडले. "न्या. तपासा. माझे निघाले तर मला सांगा, लपवू नका. मी धुतलं होतं, पण एकही राहिला नसेल अशी शपथ नाही घेणार."

चहा झाला.

३० नोव्हेंबर

दोन काचा शेजारी शेजारी. या वेळी दाब न देता.

भाऊंचा: लांबट, मागे तीन शेपट्या, स्पष्ट. ग्रुपवाल्यांनी सांगितलेला लाल प्लॅनेरिया.

माझा: गोलसर, मागे एक खाच. शेपटी नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला, तेच.

एक नव्हेत.

खुर्चीवरच बसून राहिले. बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. मग लगेच मागून: लहान पिल्लांना शेपट्या उशिरा फुटत असतील तर? त्यांच्या टाकीत दोन्ही जाती असतील आणि औषधाने एक मेली असेल तर? की गोगलगाईंच्या शंखावरून? समुद्री जीवांचे एक प्राध्यापक आहेत, ग्रुपवरूनच ओळख, त्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, वेगळ्या जाती वाटतात, पण फोटोवरून खात्रीने सांगता येणार नाही, कुठून आले हे तर नाहीच नाही.

खात्रीने सांगणारं कुणी नाही.

१ डिसेंबर

भाऊंना फोन. वेगळे दिसतायत, म्हटलं. बाकीच्या शंकाही सांगितल्या, सगळ्या. लपवू नका म्हणाले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "म्हणजे माझे नसतीलही."

नसतीलही, म्हटलं.

"तेवढं पुरे मला," म्हणाले. मला पुरत नाही.

मग म्हणाले, त्या माशाला घ्याल का? तो गेला तुमच्याकडे की मी पाणी काढून टाकतो. मला रोज ते बघवत नाही आणि बंदही करवत नाही.

मी उद्या सांगते म्हटलं.

२ डिसेंबर

हे.ला विचारलं. "तुन्ही टाकी शे, तू ठरव." मास्तर लोक.

तो मासा म्हणजे ते पाणी, आणि ते पाणी म्हणजे तीन शेपट्यांचे. आधीच एक जात घरात आहे. दुसऱ्या कुणी हे मागितलं असतं तर सरळ नाही म्हटलं असतं. एका मनाला अजून वाटतं, ऑगस्टचीच पेटी पुन्हा येतेय. दुसरं मन म्हणतं, त्यांनी या वेळी पेटी उघडून दाखवलीय.

व्हरांड्यात वेगळा टब करणार. हीटर, छोटा पंप, दगड नाही, वाळू नाही. महिना दोन महिने तिथेच. मोठ्या टाकीच्या जवळसुद्धा नाही. नळ्या वेगळ्या, जाळी वेगळी, बादली वेगळी.

हो कळवलं.

६ डिसेंबर

भाऊ आणि प्रिस्का मासा घेऊन आले. पिशवीतलं पाणी मी व्हरांड्याबाहेर मातीत ओतलं, मासा स्वच्छ पाण्यातून दोनदा काढून मग टबात. तो तळाशी जाऊन एका कुशीवर पडला. भाऊ बाजूला पायरीवर टेकले आणि उठेचनात. प्रिस्का आत मोठी टाकी बघायला गेल्या, हे. त्यांना दाखवत होता. भाऊ आत आले नाहीत. चला म्हटलं तरी नाही.

चहा दिला. थंडी पडलीय, स्वेटर घालून दोन्ही हातांनी कप धरून बसले होते. दुपार कलताना मासा सरळ झाला, एक चक्कर मारली. भाऊ हसले. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा बघितलं असेल.

मी भिंग घेऊन टबाच्या कडेकडेने फिरत होते. पांढरा टब मुद्दाम आणलाय. माशाच्या मागे, टबाच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेखाली, एक ठिपका. तांबूस की तपकिरी, सांगता येईना. मातीचा कण असेल. माझ्या हातालाच असेल.

"काही दिसतंय का, मॅडम?"

नाही म्हणता आलं असतं. माणूस एवढ्या दिवसांनी हसला होता.

"एक ठिपका आहे," म्हटलं. "काय आहे माहीत नाही."

ते गुडघ्यावर हात देत उठले, येऊन शेजारी वाकले. चष्मा घरी विसरलेला. भिंग त्यांना दिलं, त्यांनी परत मला दिलं. "तुम्हीच बघा. शेपट्या किती?"

"थांबा भाऊ. आधी हलतोय का बघू."

दोघं बघत राहिलो.